पाजायला कुठे बसू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बाळ यायचं म्हटलं की पाळणा, झबली, दुपटी, टोपडी या सगळ्याची यादी होते. आई पाजायला कुठे बसणार, हे मात्र बहुतेक घरांत बाळ रडायला लागल्यावरच आठवतं. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं आणि एकेका वेळेला दहा मिनिटांपासून पाऊण तासही लागतो. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यात बाळंतीण रोजचे चार-सहा तास एकाच जागी बसलेली असते. ती जागा चुकली की आधी पाठ धरते, मग खांदे, आणि शेवटी दुखण्यामुळे पाजणंच नकोसं होतं. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

आमचं घर वन रूम किचन आहे. सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघं असे पाच जण राहतो. मला नववा महिना लागला आहे. माहेरी जाणं शक्य नाही. वेगळी खोलीच नाही, तर पाजण्यासाठी आडोसा कसा करावा?
– एक वाचक, डोंबिवली

वेगळी खोली नसली तरी अडत नाही. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब एवढा कोपरा पुरतो, फक्त तिथून दिवसभर कुणाची ये-जा नको. न्हाणीघराच्या वाटेवरची आणि मुख्य दारासमोरची जागा सोडून द्या. स्वयंपाकाच्या ओट्याला लागूनही नको, कारण फोडणीचा ठसका बाळाला लागतो. खिडकीजवळचा कोपरा सगळ्यात चांगला. वाऱ्याचा झोत थेट बाळाच्या डोक्यावर येणार नाही एवढं बघा.

आडोशासाठी दोन भिंतींमध्ये पडद्याची नळी लावा. स्प्रिंगची तार पाच-सहा फुटांपुढे मध्ये झोळ खाते आणि पडदा खाली लोंबतो, म्हणून अॅल्युमिनियमची नळीच घ्या. भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल तर दोन्ही टोकांना रबर असलेली, फिरवून घट्ट होणारी नळी मिळते. पण तिला समोरासमोर दोन भिंती किंवा भिंत आणि कपाटाची बाजू लागते. कपाट मात्र जड आणि न हलणारं हवं.

पडदा सुतीच हवा. घरातली जुनी सुती साडी न कापता नळीवरून दुहेरी सोडली की आरपार दिसत नाही. साडीचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो, तेव्हा सहा फुटांच्या आडोशाला दोन साड्या लागतील. खाली जास्त उरलेलं टोक आत दुमडून पिना लावा. वर छताशी आणि खाली जमिनीशी फूटभर फट ठेवा, नाहीतर पंख्याचा वारा आत येत नाही आणि दहा मिनिटांत आई आणि बाळ दोघंही घामाघूम होतात.

हा आडोसा केवळ लाजेखातर करायचा नाही. दूध तयार होणं आणि दूध उतरणं या शरीराच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. उतरण्याचं काम ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक करतं, आणि वेदना, ताण किंवा ‘आत्ता कुणी येईल का’ ही धास्ती असेल तर ते वेळेवर स्रवत नाही. दूध असतं, पण बाळ ओढून थकतं, चिडतं, आणि घरात ‘हिला दूध पुरत नाही’ अशी कुजबुज सुरू होते. निवांतपणा मिळाला तर यातल्या कित्येक तक्रारी मुळात उभ्याच राहत नाहीत. पडदा ओढायचा की उघडा ठेवायचा, हे मात्र आईने ठरवायचं. काहींना पडद्याआड कोंडल्यासारखं होतं आणि घरातल्या गप्पांमध्ये बसून पाजलेलं बरं वाटतं. तेही अगदी योग्य आहे.

बसल्या जागेवरून हात लांब केला की पोहोचेल अशी एक फळी किंवा स्टूल ठेवा. त्यावर पाण्याची बाटली, चार-पाच सुती फडकी, दोन लंगोट आणि लाडवाचा किंवा दाण्यांचा लहान डबा असू द्या. दूध उतरायला लागलं की पुष्कळ जणींना एकदम कोरड पडते, म्हणून पाणी जवळ हवं. तहानेपुरतं प्या, तांब्याच्या तांब्या पाणी रिचवल्याने दूध वाढत नाही. बाळ मांडीवर असताना गरम चहाचा कप हातात घेऊ नका आणि त्या फळीवरही ठेवू नका.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. थोरल्या भावंडांची दुपटी, झबली ट्रंकेतून निघतात आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. काही बाळांत जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते आणि ती वरून दिसत नाही. अशा बाळाच्या अंगाला डांबरगोळ्यांच्या वासाचे कपडे लागले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. नुसतं ऊन देऊन भागत नाही. कपडे साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. बाळाच्या कपाटात डांबरगोळ्या नकोतच, कापूरही नको.

पाजण्यासाठीची खास खुर्ची आणि अर्धगोल उशी घ्यावी का? दोन्ही मिळून खर्च बराच होतो. आमच्याकडे सोफा आणि हात असलेली प्लास्टिकची खुर्ची आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

खुर्ची नको. उशीचा विचार मोजमाप केल्यावर करा.

सोफा बहुतेक वेळा घात करतो. बैठक खोल असते, कंबर मागे टेकत नाही, आई पुढे वाकते आणि बाळापर्यंत स्तन नेते. व्हायला हवं ते उलट. आई सरळ टेकलेली आणि बाळ वर तिच्याकडे आलेलं. तुमची हात असलेली प्लास्टिकची खुर्ची या कामाला सोफ्यापेक्षा चांगली आहे. कमरेमागे एक लहान उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल द्या. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. आपल्याकडच्या खुर्च्यांची बैठक साधारण १७-१८ इंच उंच असते आणि पाच फूट उंचीच्या बाईला ती दोन-तीन इंच जास्त पडते. टाचा उचललेल्या राहतात, मांडी पुढे उतरती होते आणि बाळ घसरत राहतं. पायाखाली देवघरातला पाट ठेवला की हे अंतर भरून निघतं.

आता उंचीचं मोजमाप. पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसा आणि मांडीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर टेपने मोजा. कुशीवर वळवलेल्या नवजात बाळाचं तोंड त्याच्या खालच्या पृष्ठभागापासून सुमारे दोन इंचांवर येतं, कारण त्याचं डोकं साडेतीन-पावणेचार इंच रुंद असतं. त्याखाली तुमचा हात असेल तर आणखी दोन इंच. म्हणजे अंतर आठ इंच असेल तर दाबून बसल्यावर उरणारी उशीची जाडी चार इंच हवी. सहा इंच असेल तर दोन इंचांची घडीच पुरे. बाजारातल्या अर्धगोल उशा एकाच उंचीच्या असतात. उंच बाईला त्या कमी पडतात, बुटक्या बाईचं बाळ त्यावर छातीच्याही वर जातं. उशी ठेंगणी असेल तर बाळाच्या वजनाने स्तनाग्र खाली ओढलं जातं, जास्त उंच असेल तर बाळाची मान पुढे दुमडते आणि त्याला गिळता येत नाही. दोन्हींत चिरा पडतात.

आमचं मत विचाराल तर घरची गोधडी या सगळ्यांहून सरस. घडी घालून हवी तेवढी जाडी करता येते, कापसाच्या उशीसारखी ती मध्ये खचत नाही, आणि बाळ महिन्याभरात वाढलं की एक घडी उलगडायची. वर धुता येईल असं दुपटं घाला. हे मोजमाप बाळंतपणानंतर, दूध भरून आल्यावर पुन्हा एकदा करा, कारण स्तनांचा आकार बदललेला असतो.

जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर भिंतीला लोड लावून, दोन्ही गुडघ्यांखाली एकेक घडी घालून बसा. गुडघे अधांतरी राहिले की दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. टाक्यांचा त्रास असेपर्यंत मात्र जमिनीवर बसणं-उठणं टाळा.

सिझेरियन झालं आहे. रात्री उठून बसताना टाके ओढतात. झोपून पाजलं तर चालेल का? सासूबाईंना भीती वाटते की बाळ दबेल. आम्ही बाळाच्या दोन्ही बाजूंना लोड लावतो.
– एक वाचक, सातारा

झोपून पाजायला काहीच हरकत नाही, सिझेरियननंतर तर ते सोयीचंच असतं. पण सासूबाईंच्या भीतीत तथ्य आहे, म्हणून जागा नीट तयार करा.

गादी सपाट आणि टणक हवी. मध्ये खोलगट झालेली जुनी कापसाची गादी असेल तर बाळ घरंगळत तुमच्या अंगाखाली येतं. ती बदला किंवा पलटून बघा. तुम्ही कुशीवर व्हा, पाठीमागे लोड, दोन गुडघ्यांमध्ये उशी, तुमच्या डोक्याखाली एक उशी. टाक्यांपाशी दुमडलेला टॉवेल धरला तर बाळाचा पाय लागत नाही. बाळ तुमच्याकडे तोंड करून कुशीवर, पोटाला पोट, आणि त्याचं नाक स्तनाग्रासमोर. त्याच्या डोक्याखाली काही नको. पांघरूण कमरेपर्यंतच घ्या, तुमचे केस बांधलेले असू द्या.

पिऊन झालं की बाळाला त्याच्या स्वतंत्र जागी उताणं झोपवा. पाळणा किंवा बाजूला जोडलेला लहान पलंग, तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. बाळाच्या दोन्ही बाजूंचे लोड काढून टाका. बाळ पडू नये म्हणून लावलेल्या त्याच लोडात नाक दबून श्वास कोंडू शकतो. मोहरीची उशीही नको. वर्षापर्यंत बाळाला कुठल्याच उशीची गरज नसते. डोकं गोल राहावं असं वाटत असेल तर झोपवताना मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवा आणि जागेपणी थोडा वेळ पालथं घाला.

रात्री दोनला डोळे मिटत असतील तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. पाजता पाजता झोप लागणं फार स्वाभाविक आहे, आणि सोफ्याच्या फटीत बाळ अडकण्याचा धोका सपाट पलंगापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्या वेळी पलंगच बरा, उशा-पांघरुणं दूर सारून. मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, घरात कुणी धूम्रपान करत असेल, किंवा पलंगावरच्या कुणी दारू वा झोप आणणारं औषध घेतलं असेल तर बाळाला शेजारी घेऊन झोपायचं नाहीच.

उजेडासाठी झिरोचा पिवळा दिवा गुडघ्याच्या उंचीवर लावा. बाळाचं तोंड दिसेल एवढाच. ट्यूबलाइट लावली की बाळ पूर्ण जागं होतं आणि पुन्हा झोपायला तासभर घेतं. डासांसाठी दोघांना पुरेल अशी मच्छरदाणीच वापरा. कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत नको.

मी आजी आहे. सून बाळंत झाली. आमच्यात सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी असते, खिडक्या बंद असतात. मुलगा म्हणतो हे सगळं बंद करा, कूलर लावा. मे महिना आहे. बाळाला तहान लागत असेल, थोडं पाणी द्यावं का?
– एक आजी, नागपूर

आजी, बाळंतिणीला ऊब मिळावी, तिला विश्रांती मिळावी, बाहेरच्या माणसांचा संसर्ग लागू नये, हा तुमच्या रीतीमागचा हेतू योग्यच आहे. तेवढा ठेवा, पद्धत बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसली की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो बाळाच्या आणि बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो. धुरीचा धूरही नवजात फुप्फुसांना सोसत नाही. सुनेच्या कमरेला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या, कढत पाण्याने अंघोळ घाला.

बाळाला पाणी अजिबात नको, मे महिन्यातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. लहानशा पोटात वरचं पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, शिवाय जुलाबाची भीती. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं प्यायला मागेल. मागेल तेव्हा पाजू द्या. मधाचं बोटही चाटवू नका. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

कूलर चालेल, झोत मात्र अंगावर नको. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. खोली २५ ते २८ अंशांच्या आसपास असावी. बाळाच्या मानेला, छातीला हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा. कूलरचं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात.

पाजताना घरातले सगळे टीव्ही बघत असतात. बाळाला त्रास होतो का?
– एक वाचक, अकोला

पहिल्या महिन्यात फारसा नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर बाळ आवाजाकडे मान वळवतं, तेही स्तन तोंडात धरूनच, आणि आईला कळ येते. त्या वयात टीव्हीकडे बाळाची पाठ येईल असं बसा, किंवा तेवढा वेळ आवाज बंद ठेवायला सांगा. हे सांगायचं काम नवऱ्याने करावं.

उशी, खुर्ची, पाट, सगळं जमवलं आहे. तरी पाजताना इतकं दुखतं की डोळ्यांत पाणी येतं. स्तनाग्राला चीर पडली आहे. आणखी काय बदलू?
– एक वाचक, पणजी

आता जागा नाही, बाळाची पकड तपासा. बाळ फक्त स्तनाग्र तोंडात धरत असेल तर ते टाळूच्या कठीण भागावर घासतं आणि चीर पडते. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून पिणं म्हणजे आपण मान वळवून पाणी पिण्यासारखं आहे. त्याच्या वरच्या ओठाला स्तनाग्राने स्पर्श करा, जांभई येईल इतकं तोंड उघडेपर्यंत थांबा, आणि मग पाठीला आधार देऊन पटकन जवळ घ्या. डोक्यामागून ढकलू नका, बाळ मान मागे टाकतं. पकड बरोबर असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर उलटलेला असतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. गाल आत ओढले जात असतील किंवा चटचट आवाज येत असेल तर पकड सुटलेली आहे.

पहिले काही क्षण टोचणं चालेल, त्यापुढे दुखलं तर सोसत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, ओढ सुटू द्या आणि पुन्हा लावा. सरळ ओढून काढलं तर चीर वाढते. पिऊन झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लावून हवेवर वाळू द्या. साबण लावू नका. स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तरीही त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं, थांबवलं तर दूध तुंबून त्रास वाढतो. दूध पुरतंय का, हे पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतो का, यावरून आणि वजनावरून बघा. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं. चीर आठवड्यात बरी झाली नाही तर स्तनपान समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञांना बाळ पिताना दाखवा. नुसतं वर्णन करून पकड कळत नाही.

खासगी कंपनीत नोकरी आहे. २६ आठवड्यांची रजा संपत आली. दूध काढून ठेवण्यासाठी घरात काय सोय करू? आमच्याकडे वीज अधूनमधून जाते.
– एक वाचक, नाशिक

पाजता त्याच जागी दूध काढा. त्या जागेची शरीराला सवय झालेली असते आणि दूध लवकर उतरतं. जवळ विजेचा बोर्ड, हात धुतल्यावर पुसायला स्वच्छ फडकं आणि झाकणाचं स्टीलचं किंवा काचेचं भांडं हवं. हाताने काढायचं तर अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून एक इंच मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग दोन्ही बोटं जवळ आणा, सोडा. बोटं कातडीवरून घासू नका. एका जागचं थांबलं की बोटं फिरवून दुसरी जागा धरा. पंप वापरत असाल आणि काही आठवड्यांनी दूध कमी येऊ लागलं, तर आधी पंपाचा लहान रबरी व्हॉल्व्ह तपासा. तो सैल पडला की ओढ कमी होते आणि आईला वाटतं आपलंच दूध आटलं.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. नाशिकच्या उन्हाळ्यात तेवढी वाट बघू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. सलग ४ अंशांखाली राहिलं तर ते चार दिवस चालतं, पण वीज जात असेल आणि फ्रिज सारखा उघडला जात असेल तर चोवीस तासांत वापरून टाका. दारातल्या कप्प्यात नको, आतल्या बाजूला, कच्च्या मांसा-माशांपासून दूर. एका भांड्यात ६० ते ९० मिलिलिटरच ठेवा आणि वर वेळ लिहा. वर साय धरली तर दूध नासलेलं नसतं, भांडं हलकेच फिरवलं की मिसळते. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवा. उष्टं उरलेलं दोन तासांपुढे ठेवू नका.

द्यायचं ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. भांडी साबणाने धुऊन दहा मिनिटं उकळा. बाळ सांभाळणाऱ्यांना हे सगळं रजा संपायच्या दोन आठवडे आधी करून दाखवा. पहिले काही दिवस बाळ आईच्या हातून वाटीने घेत नाही, त्याला स्तनाचाच वास येतो, म्हणून त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. संध्याकाळी घरी परतल्यावर आणि रात्री नेहमीच्या जागी पाजत राहा, म्हणजे दूध टिकतं. आणि बाळाचं पोट भरूनही दूध खूपच उरत असेल, तर ते दान करता येतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मानवी दुग्धपेढी चालू आहे आणि आता इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत. तिथे आधी आईची रक्ततपासणी करतात आणि दूध पाश्चराइज करून अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना देतात. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात चौकशी करा.